त्वचेवाटे मनाचे औषध : काय साधते, काय साधत नाही

वार्षिक अहवालात ताळेबंद, विभागवार कार्यवृत्त आणि देणगीदारांची नामावली यांच्या जोडीला एखाद्या वैद्यकीय विषयाची सोप्या भाषेत ओळख करून देण्याचा आपल्या रुग्णालयाचा प्रघात आहे. यंदाचा विषय आम्ही रुग्णांच्या नातेवाइकांच्या प्रश्नांतून निवडला. ‘मनाच्या आजारावरचे औषध पोटात देण्याऐवजी कातडीवर लावता येणार नाही का?’ ही विचारणा मानसोपचार विभागात वारंवार होते. कंबरदुखीवर चिकटवायची औषधी पट्टी आज औषधांच्या दुकानात सहज मिळते. धूम्रपान सोडण्यासाठी वापरली जाणारी निकोटिनची पट्टीही अनेकांना ठाऊक असते. मग नैराश्य, छिन्नमनस्कता किंवा स्मृतिभ्रंश यांवर तशी पट्टी का असू नये, असे वाटणे स्वाभाविक आहे. विश्वस्त मंडळापुढे हाच विषय वेगळ्या रूपाने आला. अशा पट्ट्या गरजू रुग्णांना विनामूल्य देण्यासाठी स्वतंत्र निधी उभारावा, अशी सूचना काही हितचिंतकांनी केली आहे.

आम्ही प्रशासनातील मंडळी हिशेबाची माणसे. पुढील वैद्यकीय माहिती आम्ही आमच्या मानसोपचारतज्ज्ञांकडून व औषधनिर्मात्यांकडून समजून घेऊन येथे मांडत आहोत. पैसा कोठे खर्च करावा हे ठरविण्यापूर्वी ती वस्तू कशी काम करते हे जाणून घेणे आवश्यक आहे, एवढाच या लेखामागील हेतू आहे.

गोळीची वाट आणि तिच्यावरील अडचणी

गिळलेली गोळी जठरात विरघळते, आतड्यांतून रक्तात शोषली जाते आणि तेथून प्रथम यकृतात पोहोचते. यकृत हे शरीराचे जकात नाकेच म्हणावे लागेल. काही औषधांचा फार मोठा भाग तेथेच निकामी होतो आणि उरलेला अंशच मेंदूपर्यंत पोहोचतो. असेनापिन हे छिन्नमनस्कतेवरील औषध याचे ठळक उदाहरण आहे. ते गिळले तर २ टक्क्यांहूनही कमी औषध उपयोगी पडते. म्हणून त्याची गोळी जिभेखाली ठेवून विरघळू द्यावी लागते आणि त्यानंतर १० मिनिटे काही खाता-पिता येत नाही.

दुसरी अडचण चढ-उताराची. गोळी घेतल्यावर काही काळाने रक्तातील औषधाचे प्रमाण वर चढते आणि पुढची गोळी घेण्यापूर्वी खाली येते. चढाच्या वेळी मळमळ, गुंगी किंवा चक्कर जाणवते, तर उताराच्या वेळी आजाराची लक्षणे डोके वर काढतात.

तिसरी अडचण घराघरातली आहे. आई गोळी गालात धरून ठेवते आणि पाठ वळताच तुळशीच्या कुंडीत टाकते. वडिलांना गिळताना ठसका लागतो. भाऊ ‘घेतली’ म्हणतो, पण महिन्याअखेर पाकीट जसेच्या तसे सापडते. हे अनुभव नातेवाईक आमच्या समाजसेविकांना नेहमी सांगतात. त्यात रुग्णाचा हट्ट असतो तसा आजाराचाही भाग असतो, आणि औषधाने होणारा खरा त्रासही असतो. अमेरिकेत छिन्नमनस्कतेच्या सुमारे १,५०० रुग्णांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. त्यात १८ महिन्यांच्या आत ७४ टक्के रुग्णांनी सुरुवातीला दिलेले औषध या ना त्या कारणाने थांबविले होते. औषध असूनही ते सलगपणे पोटात न जाणे, ही मानसोपचारातील फार जुनी व्यथा आहे.

त्वचेवरील पट्टी या तिन्ही अडचणींवर उपाय सुचविते. तिच्यातील औषध आतडे व यकृत यांना वळसा घालून थेट रक्तात उतरते. ते दिवसभर सारख्या गतीने झिरपत राहते. शिवाय पट्टी अंगावर आहे की नाही, हे सांभाळ करणाऱ्याला डोळ्यांनी दिसते. त्रास झाल्यास ती काढता येते, पोटात गेलेली गोळी परत काढता येत नाही.

त्वचा ही भिंत आहे

एवढे लाभ असूनही मानसोपचारातील बहुसंख्य औषधे आजही गोळीच्याच रूपात का दिली जातात? याचे उत्तर त्वचेच्या रचनेत आहे. बाहेरचे काही आत येऊ नये आणि आतले पाणी बाहेर जाऊ नये, यासाठीच निसर्गाने त्वचा घडविली आहे. तिचा सर्वांत वरचा मृत पेशींचा थर केवळ १० ते २० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी असतो. तरीही खरा अडसर तोच आहे. विटांच्या भिंतीत चुन्याचा गिलावा असावा, तशा या पेशींच्या फटी स्निग्ध पदार्थांनी बुजविलेल्या असतात.

ही भिंत ओलांडण्यासाठी औषधाने तीन अटी पाळाव्या लागतात. पहिली अट आकाराची. ज्याचा रेणुभार ५०० पेक्षा जास्त आहे, असे औषध सहसा आत शिरू शकत नाही. दुसरी अट स्वभावाची. औषध स्निग्ध थरात विरघळणारे हवे, पण इतकेही नको की तेथेच अडकून राहील आणि पुढच्या पाणीदार थरांत उतरणार नाही. तिसरी अट मात्रेची. दिवसाला थोड्याच मिलिग्रॅममध्ये काम भागविणारे, म्हणजे फार प्रभावी औषध असले पाहिजे.

ही तिसरी अट आम्हाला, हिशेबाच्या माणसांना, सर्वांत लवकर उमगली. स्मृतिभ्रंशावरील रिवास्टिग्मिन या औषधाची १० चौरस सेंटिमीटरची पट्टी २४ तासांत ९.५ मिलिग्रॅम औषध शरीरात पोहोचविते. म्हणजे एका चौरस सेंटिमीटरमागे दिवसाला साधारण एक मिलिग्रॅम. आता क्लोझापिन हे छिन्नमनस्कतेवरील महत्त्वाचे औषध घ्या. ते दिवसाला ३०० मिलिग्रॅम लागते असे धरले आणि ते रिवास्टिग्मिनइतक्याच सहजतेने त्वचेतून जाईल असे मानले, तरी ३०० चौरस सेंटिमीटरची पट्टी लागेल. टंकलेखनाच्या नेहमीच्या कागदाचा जवळजवळ अर्धा भाग रोज अंगावर चिकटवावा लागेल. लिथियमची गोष्ट तर याहून बोलकी आहे. द्विध्रुवीय विकारावरील हे औषध आकाराने सर्वांत लहान आहे, पण त्याच्या कणावर विद्युत्‌भार असतो आणि असे कण स्निग्ध थरातून सहजी जात नाहीत. त्यातच त्याची रोजची मात्रा कित्येक शे मिलिग्रॅम असते. म्हणून आजच्या साध्या पट्टीच्या तंत्राने लिथियम किंवा क्लोझापिन देणे व्यवहार्य नाही. ‘माझ्या मुलाच्या गोळीची पट्टी कधी येईल?’ या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक औषधाच्या बाबतीत वेगळे असते, ते या कारणाने.

पट्टी घडविण्याचे काम

बाहेरून पट्टी म्हणजे चिकटपट्टीचा तुकडा दिसतो. प्रत्यक्षात तिच्यात किमान तीन थर असतात : पाठीमागचा अभेद्य पापुद्रा, औषध व चिकट द्रव्य यांचा मधला थर, आणि लावण्यापूर्वी सोलून टाकायचे आवरण. काही जुन्या प्रकारांत औषध एका छोट्या पिशवीत भरून त्यावर नियंत्रक पडदा बसविलेला असे. अलीकडे औषध चिकट द्रव्यातच मिसळण्याची पद्धत अधिक रूढ आहे.

संशोधकांपुढे येथे परस्परविरोधी मागण्या असतात. औषध त्वचेत वेगाने जावे म्हणून त्यात त्वचेचा वरचा थर तात्पुरता सैल करणारी अल्कोहोल अथवा स्निग्धाम्ले यांसारखी द्रव्ये मिसळतात. पण तीच द्रव्ये जास्त झाली की त्वचा लाल होते व खाज सुटते. चिकटपणा असा हवा की घामाने पट्टी सुटू नये, आणि काढताना वृद्ध रुग्णाची नाजूक कातडीही सोलवटू नये. औषध पट्टीत भरपूर भरावे लागते, कारण आत-बाहेरच्या प्रमाणातील फरकामुळेच ते त्वचेकडे सरकते. परंतु ते फार झाले तर साखरेच्या पाकात खडे धरावेत तसे त्याचे स्फटिक होतात आणि स्फटिक झालेले औषध त्वचेत जात नाही. कंपवातावरील रोटिगोटिनच्या पट्टीचे नेमके हेच झाले. अमेरिकेत २००७ साली मान्यता मिळालेली ही पट्टी स्फटिक दिसू लागल्याने २००८ मध्ये तेथील बाजारातून मागे घ्यावी लागली, आणि सुधारित रूपात परत येण्यास २०१२ साल उजाडले.

म्हणूनच नवी पट्टी थेट रुग्णाला लावली जात नाही. प्रयोगशाळेत काचेच्या दोन कप्प्यांमध्ये त्वचेचा तुकडा ताणून बसवितात, वर पट्टी लावतात आणि खालच्या द्रवात ठरावीक वेळाने किती औषध उतरले ते मोजतात. यासाठी शस्त्रक्रियेत काढलेली मानवी त्वचा किंवा तिच्याशी साधर्म्य असलेली डुकराच्या कानाची त्वचा वापरतात. त्यानंतर निरोगी स्वयंसेवकांच्या रक्तातील प्रमाण, त्वचेची आग, चिकटण्याची क्षमता, साठवणुकीतील टिकाऊपणा आणि अखेरीस रुग्णांवरील परिणाम अशा पायऱ्या चढाव्या लागतात.

आजवर हाती आलेले

प्रवासातील मळमळीवरील स्कोपोलामिनची पट्टी अमेरिकेत १९७९ साली मान्य झाली आणि या तंत्राचे युग सुरू झाले. मनाच्या आजारांपर्यंत यायला त्यानंतर पाव शतकाहून अधिक काळ लागला.

२००६ साली अमेरिकेत नैराश्यावरील सेलेजिलिनच्या पट्टीला मान्यता मिळाली. या गटातील औषधे पोटात घेतली असता जुने मुरलेले चीज व काही आंबविलेले पदार्थ वर्ज्य करावे लागतात, कारण त्यांतील टायरामिन हे द्रव्य आतड्यात निष्प्रभ न होता रक्तात जाऊन रक्तदाब धोकादायकरीत्या वाढवू शकते. औषध त्वचेवाटे गेल्याने आतड्यातील ही संरक्षक व्यवस्था बऱ्याच अंशी शाबूत राहते. त्यामुळे दिवसाला ६ मिलिग्रॅमच्या सर्वांत कमी मात्रेत आहाराचे पथ्य आवश्यक मानले गेले नाही, त्यावरील मात्रांत मात्र ते कायम राहिले.

त्याच वर्षी अतिचंचल व अवधान न टिकणाऱ्या मुलांसाठी मेथिलफेनिडेटची पट्टी आली. सकाळी लावून ९ तासांनी काढायची, म्हणजे औषधाचा अंमल शाळेपुरता राहून रात्रीची झोप बिघडू नये, अशी ती योजना. परंतु २०१५ साली अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी इशारा दिला, की या पट्टीमुळे काही जणांच्या त्वचेचा रंग कायमचा जाऊ शकतो. कोडासारख्या पांढऱ्या डागांमुळे आपल्या समाजात मुलामुलींना काय सोसावे लागते, ते आम्ही वेगळे सांगावयास नको.

सर्वांत उपयोगी ठरली ती २००७ मध्ये मान्यता मिळालेली, वर उल्लेखिलेली रिवास्टिग्मिनची पट्टी. अल्झायमरच्या १,१९५ रुग्णांवरील २४ आठवड्यांच्या चाचणीत ९.५ मिलिग्रॅमच्या पट्टीचा गुण कॅप्सूलइतकाच आढळला, पण मळमळ कॅप्सूल घेणाऱ्या २३ टक्के रुग्णांना झाली असता पट्टी वापरणाऱ्यांत ती ७ टक्क्यांवर आली. उलट्यांचे प्रमाण १७ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आले. भारतात २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार ६० वर्षांवरील सुमारे ७.४ टक्के व्यक्तींना, म्हणजे जवळजवळ ८८ लाख ज्येष्ठांना, स्मृतिभ्रंश असावा. हे औषध आजार बरा करीत नाही, काही रुग्णांत लक्षणांची वाढ काही काळ सौम्य ठेवते. तरी ज्या वृद्धाच्या पोटात कॅप्सूल ठरत नाही, त्याच्यासाठी हा फरक मोठा आहे. याच आजारावर आठवड्यातून एकदाच बदलावयाच्या डोनेपेझिलच्या पट्टीला अमेरिकेने मार्च २०२२ मध्ये मान्यता दिली.

छिन्नमनस्कतेसाठी पहिले पाऊल २०१९ साली पडले. जपानमध्ये ब्लोनान्सेरिनची पट्टी मान्य झाली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत असेनापिनची. जे औषध गिळले तर जवळजवळ वाया जाते, ते त्वचेवाटे दिवसभर देता येऊ लागले, ही खरोखर मोलाची प्रगती होय.

मलमाचा मोह

पट्टी मिळत नसेल तर गोळी कुटून मलमात कालवून मनगटाला चोळली तर चालणार नाही का, असेही विचारले जाते. आपल्याकडे तेल, लेप व बाम यांची परंपरा जुनी असल्याने ही कल्पना पटकन पटते. या बाबतीत अमेरिकेतील एक अनुभव सांगण्यासारखा आहे. तेथे अंतिम अवस्थेतील रुग्णांच्या शुश्रूषेत लोराझेपाम, डायफेनहायड्रामिन व हॅलोपेरिडॉल ही तीन औषधे एकत्र केलेले जेल मळमळीसाठी मनगटावर लावण्याची पद्धत बरीच पसरली होती. २०१२ साली १० निरोगी स्वयंसेवकांना ते लावून त्यांचे रक्त तपासले, तेव्हा लोराझेपाम व हॅलोपेरिडॉल यांचा मागमूसही सापडला नाही. पुढे २०१४ मधील चाचणीत ते जेल औषधविरहित जेलपेक्षा सरस ठरले नाही. शुश्रूषा करणाऱ्यांचा हेतू उत्तम होता, वापर सोयीचा होता, पण औषध आत गेलेच नव्हते.

म्हणून आमच्या औषधालयात मानसोपचाराची कोणतीही गोळी मलमात मिसळून दिली जात नाही. घरीही कृपया तसे करू नये. औषध दिले जात आहे अशा समजुतीत कुटुंब राहते आणि आजार मात्र उपचाराविना वाढत जातो.

विजेच्या सौम्य प्रवाहाने औषध आत ढकलणे, तसेच वेदना न होता वरचा थर छेदणाऱ्या सूक्ष्म सुयांची पट्टी वापरणे, या दोन दिशांनी संशोधन सुरू आहे. सूक्ष्म सुयांविषयीचा अमेरिकेतील गाजलेला शोधनिबंध १९९८ सालचा. मात्र घाई येथेही परवडणारी नाही. विजेच्या प्रवाहावर चालणाऱ्या अर्धशिशीवरील एका पट्टीला अमेरिकेत २०१३ साली मान्यता मिळाली होती, पण रुग्णांना भाजल्याच्या व व्रण राहिल्याच्या तक्रारींनंतर २०१६ मध्ये तिची विक्री थांबविण्यात आली.

‘त्याला न कळता लावता येईल का?’

हा प्रश्न नातेवाईक आवाज खाली आणून विचारतात, आणि त्यामागील थकवा आम्ही ओळखतो. तरीही उत्तर स्पष्ट द्यावे लागते. पट्टी दिसते, जाणवते आणि रुग्णाला नको असेल तर तो ती क्षणात काढून टाकतो. फसवून उपचार करण्याचे साधन म्हणून ती निरुपयोगी आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, २९ मे २०१८ पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार मानसिक आजार आहे एवढ्यावरून कोणाचीही निर्णयक्षमता नाकारता येत नाही. ज्याला उपचाराची माहिती समजते, परिणाम उमगतात किंवा आपला निर्णय सांगता येतो, त्याला आपल्या उपचाराबाबत ठरविण्याचा अधिकार आहे. आजार बळावल्यास काय करावे, काय करू नये, याचे आगाऊ निर्देश लिहून ठेवण्याची आणि आपला प्रतिनिधी नेमण्याची सोयही या कायद्यात आहे. प्रगत स्मृतिभ्रंशात रुग्णाला हे कळेनासे होते तेव्हा असा प्रतिनिधी व डॉक्टर मिळून निर्णय घेतात. रुग्ण नकळत ओरबाडू नये म्हणून पट्टी पाठीवर लावली जाते, ती त्याच्या संरक्षणासाठी असते.

ज्या घरात रुग्ण औषध नाकारतो, तेथे नकाराचे कारण शोधणे हा पहिला उपचार होय. वजन वाढणे, हात थरथरणे, दिवसभर झोप येणे ही कारणे मात्रा बदलून पुष्कळदा दूर करता येतात. अशा वेळी रुग्ण येण्यास तयार नसला तरी नातेवाइकांनी आमच्या समाजसेविकांशी अवश्य बोलावे. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेल्या शासनाच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांकही उपयोगी पडेल.

निधीचा प्रश्न

आता देणगीदारांच्या सूचनेकडे वळतो. रोज बदलावयाची पट्टी म्हटली की वर्षाला ३६५ पट्ट्या होतात, आणि एका पट्टीचा खर्च त्याच आजारावरील साध्या गोळीच्या कितीतरी पट असतो. याउलट छिन्नमनस्कतेत दोन ते चार आठवड्यांतून एकदा द्यावयाची दीर्घकालीन परिणामाची इंजेक्शने १९६० च्या दशकापासून वापरात आहेत. महिन्याला एक म्हणजे वर्षाला १२. रोजच्या गोळीची आठवण ठेवण्याचा भार कमी करणे हेच उद्दिष्ट असेल, तर अनेक रुग्णांसाठी हा मार्ग स्वस्त, परिचित व परिणामकारक आहे.

दुसरा मुद्दा सातत्याचा. रिवास्टिग्मिनची पट्टी तीन दिवसांहून अधिक काळ खंडित झाली, तर पुन्हा सर्वांत कमी मात्रेपासून सुरुवात करावी लागते. निधी जूनमध्ये आहे आणि डिसेंबरमध्ये संपला, असे झाल्यास रुग्णाचे नुकसानच होते. म्हणून ज्या रुग्णाला पट्टी द्यावयाची, त्याच्यासाठी किमान एका वर्षाची तरतूद हाती असल्याखेरीज सुरुवात करू नये, असे आमचे मत आहे.

तिसरा मुद्दा गरजेच्या व्याप्तीचा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील सुमारे १०.६ टक्के प्रौढांना मानसिक विकार होता, आणि विकारागणिक त्यांपैकी ७० ते ९२ टक्के व्यक्तींना योग्य उपचार मिळत नव्हते. ज्यांच्यापर्यंत साधी गोळीही पोहोचलेली नाही, असे हे रुग्ण आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालये आपल्या एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करतात. सर्व विभागांतील निर्धन रुग्णांचा भार त्याच निधीवर असतो.

हे सर्व लक्षात घेऊन आम्ही विश्वस्त मंडळापुढे पुढील क्रम मांडला आहे. प्रथम, मानसोपचाराच्या मूलभूत गोळ्या वर्षभर अखंड उपलब्ध राहाव्यात. नंतर, दीर्घकालीन इंजेक्शने आणि रुग्ण ठरल्या दिवशी न आल्यास घरी चौकशीला जाणाऱ्या समाजसेविकांचा प्रवासखर्च. त्यानंतर, ज्या स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना गिळता येत नाही किंवा कॅप्सूलने उलट्या होतात, अशा निवडक रुग्णांसाठी पट्टीची वर्षभराची तरतूद. पट्टीसाठीच देणगी देऊ इच्छिणाऱ्यांनी ती या तिसऱ्या कारणासाठी जरूर द्यावी, तिचा हिशेब स्वतंत्र ठेवला जाईल.

घरी पट्टी लावणाऱ्यांसाठी

ज्या कुटुंबांत अशी पट्टी सुरू आहे, त्यांनी पुढील गोष्टी भिंतीवर लावून ठेवाव्यात.

१. नवी पट्टी लावण्यापूर्वी जुनी काढल्याची खात्री करावी. जुन्या पट्ट्या अंगावर राहून मात्रा वाढल्याच्या घटनांमुळे २०१० साली ब्रिटन व कॅनडाच्या औषध नियंत्रकांनी इशारे दिले होते. दिनदर्शिकेवर रोज खूण करावी.

२. जागा रोज बदलावी. रिवास्टिग्मिनच्या बाबतीत तीच जागा १४ दिवस पुन्हा वापरू नये.

३. त्वचा स्वच्छ, कोरडी व अखंड असावी. तेल, पावडर किंवा मलम लावलेल्या जागी पट्टी लावू नये.

४. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितल्याखेरीज पट्टी कापू नये.

५. पट्टीवर गरम पाण्याची पिशवी किंवा शेक देऊ नये. उष्णतेने औषध वेगाने आत जाते.

६. एमआरआय तपासणीपूर्वी पट्टीबद्दल सांगावे. काही पट्ट्यांच्या पाठीत धातू असतो व त्याने भाजू शकते.

७. काढलेल्या पट्टीतही औषध उरते. ९.५ मिलिग्रॅम देणाऱ्या पट्टीत मुळात १८ मिलिग्रॅम औषध असते, म्हणजे जवळजवळ निम्मे शिल्लक राहते. चिकट बाजू आत घडी घालून ती मुलांच्या व जनावरांच्या हाती लागणार नाही अशी टाकावी आणि हात धुवावेत.

८. लाली, फोड, पांढरा डाग, सतत उलट्या किंवा असाधारण गुंगी दिसल्यास पट्टी काढून त्वरित संपर्क साधावा.

विज्ञान पुढे जाईल, आज अशक्य वाटणारी औषधेही उद्या त्वचेवाटे देता येतील, अशी आशा बाळगण्यास जागा आहे. तोवर प्रत्येक रुग्णाला मानवेल त्या वाटेने, मध्ये खंड न पडता, औषध पोहोचते ठेवणे हे आपणा सर्वांचे काम आहे. गोळी, इंजेक्शन की पट्टी हे डॉक्टर व रुग्ण मिळून ठरवतील, ते वर्षभर पुरविण्याचे सामर्थ्य मात्र आपल्या सहकार्यातूनच येते. या विषयावरील आपल्या शंका व सूचना प्रशासन कार्यालयात लेखी कळवाव्यात, त्यांचे आम्ही मनःपूर्वक स्वागत करू.